घरांतल्या घरांत : काकूंचा विलायती दिवा

घरांतील एखादी जुनी वस्तु बिघडली म्हणजे कुटुंबांत सहसा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "टाकून द्या, नवी आणूं." दुसरा म्हणतो, "राहूं द्या माळ्यावर, सवडीनें दुरुस्त करूं." दोन्ही पक्षांचा परिणाम एकच होतो, ती वस्तु पुन्हां कामास येत नाहीं. आम्ही स्वतः तिसऱ्या पक्षाचे आहों. वस्तु कां बिघडली हें आधीं शोधावें आणि मग तिला हात लावावा, असें आमचें मत आहे. आजची हकीकत त्याच मताची आहे. मात्र तींत आमच्या शहाणपणापेक्षां आमच्या चुकीचाच भाग मोठा आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

वस्तु म्हणजे एक दिवा. आमचे चुलते 1968 सालीं नोकरीनिमित्त इंग्लंडांत गेले व वडिलांच्या आजारामुळें 1975 सालीं पुण्यास परत आले, ते पुन्हां गेले नाहींत. येतांना त्यांनीं फारसें सामान आणलें नव्हतें. पण एका पेटींत, लोकरी कपड्यांत गुंडाळून, हा दिवा मात्र जपून आणला होता. इंग्रजी बोलणारे लोक यास 'लाव्हा लॅम्प' म्हणतात. आमच्या घरीं त्याचें नांव 'काकूंचा विलायती दिवा'. खालीं सोनेरी धातूची बैठक, तिच्यावर निमुळती उंच बाटली, बाटलींत पिवळसर पाणी आणि पाण्यांत तांबडें मेण. बैठकींतील विजेचा दिवा लावला म्हणजे दोनअडीच तासांनीं तें मेण वितळून गोळ्यागोळ्यांनीं वर चढूं लागतें, माथ्याशीं जाऊन घुटमळतें आणि पुन्हां सावकाश खालीं उतरतें. उजेड म्हणाल तर वाचण्याजोगाही नाहीं. पण तासन्‌तास पाहत बसलें तरी कंटाळा येत नाहीं.

काकूंचें वय आज चौऱ्यायशीं आहे. थंडीच्या दिवसांत तिकडे दुपारीं चार वाजतांच अंधार पडे, काका कामावरून येईपर्यंत दोन खोल्यांच्या घरांत बोलावयास कोणी नसे, तेव्हां या दिव्यानें सोबत केली असें त्या सांगतात. 2011 सालीं काका गेले. त्यानंतरही तिन्हीसांजेला देवापुढें निरांजन लावून झालें कीं काकू आपल्या खोलींत जाऊन या दिव्याची कळ दाबीत. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अंवसेला, समया, निरांजनें, कंदील घांसूनपुसून पाटावर मांडतात. त्या पंक्तींत काकूंचा विलायती दिवाही बसे आणि त्यालाही हळदकुंकू लागे. घरांतील नव्या सुना पहिल्या वर्षीं हंसत, दुसऱ्या वर्षीं त्याच तो दिवा पुसून आणीत.

हा दिवा निर्माण कसा झाला ही हकीकतही मौजेची आहे. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिक असलेले एडवर्ड क्रेव्हन वॉकर नांवाचे गृहस्थ दक्षिण इंग्लंडांतील एका मद्यगृहांत गेले असतां त्यांनीं शेगडीवर ठेवलेलें एक विचित्र पात्र पाहिलें. त्यांत दोन न मिसळणारे द्रव होते आणि उष्णतेनें एकाचे थेंब दुसऱ्यांतून वर चढत. अंडें उकडण्याची वेळ मोजण्यासाठीं तें कोणीं तरी बनविलें होतें. वॉकर यांनीं त्या कल्पनेचा वर्षानुवर्षें पाठपुरावा केला आणि 1963 सालीं 'ॲस्ट्रो' नांवाचा दिवा बाजारांत आणला. डॉर्सेट परगण्यांतील पूल या गांवीं त्यांच्या क्रेस्टवर्थ कंपनीचा कारखाना होता. पुढें शिकागोच्या दोघां व्यापाऱ्यांनीं अमेरिकेपुरते हक्क घेतले, आणि त्या दशकाच्या अखेरीस हा दिवा घरोघरीं दिसूं लागला. नंतर त्याची आवड ओसरली, पुन्हां आली; 1992 पासून मूळ कंपनी 'मॅथमॉस' या नांवानें चालते. वॉकर 2000 सालीं वारले.

आतां त्यांतील युक्ति पाहूं. साधें मेण पाण्यावर तरंगतें हें मुलांसही ठाऊक आहे. या दिव्यांतील मेणांत मात्र कांहीं जड द्रव्य मिसळून त्याचें घनत्व पाण्याहून किंचित्‌ जास्त केलेलें असतें, म्हणून थंडपणीं तें बुडाशीं बसतें. तापल्यावर पाणीही फुगतें व मेणही फुगतें. पण मेण पाण्याच्या मानानें पुष्कळच अधिक फुगतें. तें पाण्याहून हलकें झालें कीं वर निघतें, माथ्याशीं थंड होऊन आकसतें, पुन्हां जड होतें आणि खालीं येतें. बुडाशीं तारेचें एक वेटोळें असतें. खालीं आलेल्या गोळ्यांचा पृष्ठताण मोडून त्यांस पुन्हां एकत्र आणणें हें त्याचें काम. म्हणजे येथें विजेचा दिवा उजेडापुरता नाहीं. तोच चूल आहे. चूल मंद झाली तर भात शिजत नाहीं, आणि फार पेटली तर करपतो. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण आमची चूक येथेंच झाली.

गेल्या वैशाखांत एके दिवशीं काकूंच्या खोलींतून आमच्या सात वर्षांच्या नातवाचें रडणें ऐकूं आलें. जाऊन पाहतों तों बाटलींतील पाणी ताकासारखें पांढुरकें झालेलें, आणि मेणाचे बारीक कण सर्वत्र तरंगत आहेत. मुलानें तापलेली बाटली दोन्ही हातांनीं उचलून गदगदां हालविली होती. घरांतील मोठी माणसें त्याला जें बोलावयाचें तें बोललीं, आम्हींही बोललों. काकू मात्र कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं बाटलीवर एक धूतवस्त्र टाकलें आणि जपाची माळ घेतली. त्या दिवसापासून तो मुलगा त्यांच्या खोलींत जाईनासा झाला. रोज संध्याकाळीं मोठ्या आजीच्या मांडीशीं बसून परवचा म्हणणारें मूल बाहेर ओटीवर एकटें बसूं लागलें. दिव्यापेक्षां हें आम्हांस अधिक लागलें.

आठ दिवसांनीं आम्हीं त्याला जवळ घेऊन विचारलें, "अरे, पण तूं तो हालविलास कां?"

तो म्हणाला, "आजोबा, तो चालतच नव्हता. मोठी आजी रोज बघत बसायची आणि तो नुसता खालीं बसून राहायचा. मला वाटलें, ढकलला कीं चालेल."

आम्हीं काकूंना विचारलें. त्या म्हणाल्या, "दोन वर्षें झालीं, त्याचें मेण वर येत नाहीं. म्हातारा झाला असेल, माझ्यासारखा. तुम्हांला कशाला सांगायचें?"

दोन वर्षें! आम्हीं बैठक उलटी करून पाहिली आणि सारा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वीं त्यांतील चाळीस वॅटचा दिवा उडाला, तेव्हां घरांत हाताशीं असलेला 'झिरोचा' जुना दिवा आम्हींच त्यांत बसविला होता. विलायतेंतल्यासारखीच दोन खुंट्यांची टोपी आपल्याकडेही चालते, त्यामुळें तो बिनतक्रार बसला. विजेची थोडी बचत झाली याचें आम्हांस समाधानही वाटलें होतें. या झिरोच्या दिव्याचें नांव शून्य असलें तरी तो सुमारें पंधरा वॅट वीज घेतो; पण तेवढ्या आंचेनें मेण नुसतें बुडाशीं मऊ होई, वर निघण्याइतकें फुगत नसे. मुलानें तें ऊन, मऊ मेण पाण्यांत घुसळलें. अपराध कोणाचा म्हणावा? चूल आम्हीं विझविली, आणि भात शिजला नाहीं म्हणून मूल ढवळूं गेलें.

कारण कळलें तेव्हां उपायास लागलों. आमची पुतणी, म्हणजे त्या मुलाची आई, महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते. तिनें पहिली ताकीद दिली ती अशी : "काका, बाटली घरांत उघडायची नाहीं." जुन्या काळीं या मेणास जड करण्यासाठीं कार्बन टेट्राक्लोराइड नांवाचें द्रव्य मिसळीत. तें यकृतास अपायकारक असून त्याची वाफ श्वासाबरोबर आंत जाणें फार वाईट. अमेरिकेंत 1970 सालीं घरगुती वस्तूंतील त्याच्या वापरास बंदी झाली. आमच्या दिव्यांत तें असण्याचा संभव धरूनच चालणें शहाणपणाचें होतें. म्हणून घरीं करावयाचें तें घरीं, आणि बाटलीचें काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाखालीं, वरिष्ठांची परवानगी घेऊन, असें ठरलें.

घरचें काम प्रथम. प्लग काढून दिवा रात्रभर थंड होऊं दिला व बाटली उभीच उचलून बाजूस ठेवली. बैठकीची वायर जागोजाग तडकलेली होती. ती वीजतंत्र्याकडून बदलून घेतली, आणि बैठक धातूची असल्यानें तिला अर्थिंगची तारही जोडून घेतली. होल्डर गंजला होता, तोही नवा बसविला. बैठक पुसण्याची वेळ आली तेव्हां घरांतील एका सुनेनें देवाच्या भांड्यांबरोबर तिलाही चिंचमीठ लावण्याची तयारी केली होती. तिला वेळींच थांबविलें. पितळेस चिंच ठीक, पण येथें सोनेरी रंग वरच्या पातळ थराचा आहे. तो घांसला कीं गेला. ओल्या मऊ फडक्यानें पुसून लगेच कोरडें करणें एवढेंच पुरें. त्या बैठकीस बारीक छिद्रें आहेत, त्यांतून उजेडाच्या चांदण्या पडतात. तीं छिद्रें धुळीनें बुजलीं होतीं. मुलाला हातीं मऊ ब्रश देऊन तें काम सांगितलें. त्यानें एक संपूर्ण दुपार त्यांत घालविली आणि एकही छिद्र सोडलें नाहीं.

बाटलीस तीन आठवडे अंधाऱ्या कपाटांत स्वस्थ ठेवलें. पुष्कळदां एवढ्यानेंच गढूळपणा कमी होतो. तापलेल्या मेणाचे सूक्ष्म कण पाण्यांत विखुरल्यामुळें तो आलेला असतो, आणि सवड मिळाली कीं ते कण पुन्हां एकत्र येतात. दूध पांढरें दिसतें त्याचेंही एक कारण त्यांतील स्निग्ध कण हेंच आहे. नंतर चाळीस वॅटचा दिवा लावून चार दिवस रोज सहा तास तापविलें. मेण वर चढलें! मुलानें टाळ्या पिटल्या. परंतु पाणी कांहीं निवळलें नाहीं. धुक्यांतून दिवा पाहावा तसें दिसे. तेव्हां बाटली प्रयोगशाळेंत गेली.

पुतणीनें सांगितलेली कृति थोडक्यांत देतों. बाटली पूर्ण थंड व मेण घट्ट झाल्यावर सोड्याच्या बाटलीस असतें तसें तिचें पत्र्याचें झांकण काढलें. जुनें पाणी मोरींत न ओततां रासायनिक कचऱ्याच्या बाटलींत जमा केलें. मेणावर शुद्ध केलेलें थंड पाणी हलकेंच फिरवून तें तीनचार वेळां धुतलें. मग शुद्ध पाणी भरलें. नळाचें पाणी चालत नाहीं, कारण त्यांतील क्षारांमुळें साबणाचा साका धरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालतात तसलें पाणी लागतें. त्यांत पातळ साबणाचा एकच थेंब टाकला. गोळे सुटे होण्यास तेवढा पुरतो. अधिक टाकला तर पुन्हां ताक होतें.

नुसत्या पाण्यांत तापविलें तेव्हां मेण बुडाशीं घुमटासारखें फुगून बसलें; वर येईना. पाणी त्याच्या मानानें हलकें पडत होतें. म्हणून मिठाचें दाट द्रावण करून तें थेंबाथेंबानें घालावयास आरंभ केला, आणि प्रत्येक वेळीं अर्धा तास वाट पाहिली. मिठानें पाणी जड होतें व मेणास उचलतें. दुसऱ्या दिवशीं उतावीळपणा नडला. मीठ जास्त पडलें आणि सारें मेण माथ्याशीं जाऊन टोपीसारखें चिकटलें. मग थोडें पाणी काढून तितकेंच शुद्ध पाणी घातलें. असें करतां करतां पांचव्या दिवशीं मेणाचा पहिला गोळा वर गेला, थबकला आणि आपण होऊन खालीं आला. तापल्यावर पाण्यास फुगण्यास जागा हवी म्हणून माथ्याशीं दोन बोटें मोकळी ठेवून नवें झांकण घट्ट बसविलें.

पाणी स्वच्छ झालें, पण पूर्वींचा पिवळसर रंग गेला. आणि मेणाचा तांबडेपणा उन्हानें आधींच उतरला होता, तो आतां फिका गुलाबी दिसूं लागला. पुतणी म्हणाली, रंग घालतां येईल. आम्हीं म्हटलें, काकूंना विचारूं.

आषाढी अमावास्या आली. समया घांसून झाल्या, कणकेचे दिवे उकडले, पाटाभोवतीं रांगोळी निघाली. बाटली नीट बसवून दिवा आम्हीं दुपारींच लावून ठेवला होता. तिन्हीसांजेला काकू आल्या, चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिल्या. मेण चढत होतें, उतरत होतें.

"रंग तसा नाहीं राहिला," आम्हीं अपराधी मनानें म्हटलें. "घालावयाचा का?"

"नको," काकू म्हणाल्या. "ह्यांचेही केस शेवटीं पांढरे झालेच होते." मग त्यांनीं इकडेतिकडे पाहिलें. "तो कुठें आहे?"

मुलगा दाराआड उभा होता. आम्हीं त्याला पुढें आणलें आणि सर्वांसमक्ष सांगितलें, "काकू, दिवा यानें बिघडविला नाहीं. झिरोचा दिवा मीं बसविला म्हणून तो दोन वर्षें चालत नव्हता. आणि तुम्हीं मला सांगितलें नाहीं, तरी विचारणें माझें काम होतें." वयाच्या साठाव्या वर्षीं, भरल्या घरांत, सात वर्षांच्या मुलासमोर हें बोलणें आम्हांस सोपें गेलें नाहीं. पण बोलल्यावर मुलाचा चेहरा जो उजळला, त्यापुढें आमची प्रतिष्ठा ती केवढी!

काकूंनीं हळदकुंकवाचें तबक त्याच्यापुढें केलें. "लाव तूं. आणि उद्यांपासून कळ तूंच दाबायची. पण ढकलायचें नाहीं हं. त्याला वेळ लागतो."

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा दिवा असेल त्यांच्यासाठीं चार सूचना. ठरलेल्या वॅटचाच दिवा घालावा. कमी नको, जास्तही नको. हल्लींच्या एलईडी दिव्यांना मेण चढण्याइतकी उष्णता नसते, म्हणून ते येथें निरुपयोगी. एका वेळीं आठ तासांहून अधिक चालूं ठेवूं नये, तापलेली बाटली हालवूं नये, आणि उन्हांत ठेवूं नये. दिवा शेगडीवर तर कधींही तापवूं नये. अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील केंट येथें 2004 सालीं अशा प्रकारें बाटली फुटून एका तरुणाचा जीव गेला. जुन्या दिव्याची बाटली घरीं उघडूं नये. जाणत्या माणसाकडेच न्यावी.

जातां जातां एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सॅन फ्रान्सिस्को येथें क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या कचेरींत सुमारें शंभर लाव्हा लॅम्प एका भिंतीशीं मांडून कॅमेऱ्यानें त्यांचें सतत चित्र घेतात, आणि मेणाच्या हालचालींवरून गुप्त संदेशांसाठीं लागणारे अंक तयार करितात. कारण हें मेण एकदां जसें चढलें तसें पुन्हां कधींही चढत नाहीं. त्याचा पुढचा आकार कोणासही आधीं सांगतां येत नाहीं. आम्हीं हें काकूंना सांगितलें. त्या म्हणाल्या, "म्हणून तर बघत बसायचें."

असो. सध्यां रोज तिन्हीसांजेला परवचा पुन्हां काकूंच्या खोलींतून ऐकूं येतो. पाढे एकोणतीसपर्यंत येऊन अडतात, तोंवर मेण वर चढूं लागलेलें असतें.